एका ताटाचा रमजान

रमजानच्या बाजारात एकट्या माणसाला धड काही विकत मिळत नाही. सोलापुरात विजापूर वेशीजवळ संध्याकाळी जरा उभं राहून पाहा. समोसे डझनाच्या हिशेबात, खजूर अर्ध्या किलोच्या डब्यात, फेण्यांचा पुडा घरभर माणसांना पुरेल एवढा आणि कलिंगड अख्खंच. ‘अर्धं कापून द्याल का?’ असं फळवाल्याला विचारलं तर तो आधी आपल्याकडे आणि मग उरणाऱ्या अर्ध्या कलिंगडाकडे बघतो. बाजार कुटुंबासाठी भरलेला असतो. वर्तमानपत्रात येणारा इफ्तारचा फोटोही तसाच असतो. लांबच लांब दस्तरखान, त्यावर फळांची ताटं आणि दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं बसलेली माणसं.

पण प्रत्येक गल्लीत एक-दोन घरं अशी असतात, जिथे पहाटे दिवा लागतो तो एकाच माणसासाठी. मुलं पुण्याला किंवा आखातात आणि आई इथे, असं एखादं घर. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी खोली घेऊन राहिलेला मुलगा. रात्रपाळीचा सुरक्षा रक्षक, एमआयडीसीतला कामगार, नव्या गावात बदली झालेली परिचारिका किंवा शिक्षिका. यांचेही तीस रोजे असतात. तेही पहाटे सहेरी करतात आणि सूर्य मावळल्यावर रोजा सोडतात. फक्त त्यांच्या ताटाचा फोटो कुणी काढत नाही.

या घरांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘एकट्यासाठी काय करत बसायचं?’ हे वाक्य काही एका धर्माचं नाही. संकष्टीच्या दिवशी एकट्या राहणाऱ्या काकूंनाही विचारून पाहा. भगर-आमटी करायचा कंटाळा येतो आणि उपास चहावर निघतो. रमजानमध्ये असं एक दिवस नाही, महिनाभर होतं. सहेरीला चहा आणि दोन खारी, इफ्तारला गाड्यावरचे समोसे, वर पुन्हा चहा. आठ-दहा रोजे अंगावर निघतात. मग पित्त, डोकेदुखी, अंगातली ताकद गेल्यासारखं वाटणं सुरू होतं आणि दोष रोजाला दिला जातो. याला अनेक जण काटकसर म्हणतात. मला ही निव्वळ आबाळ वाटते. शिवाय ती स्वस्तही पडत नाही. गाड्यावरच्या तीस दिवसांच्या तळणाचे पैसे एकदा कागदावर मांडून बघावेत.

गंमत अशी की रमजानचा सगळा हिशेब एका माणसाच्या मापानंच केलेला आहे. ईदच्या नमाजाआधी द्यायचं फित्रा हे दान घरातल्या प्रत्येक माणसामागे द्यावं लागतं, अगदी पाळण्यातल्या बाळामागेही. हनफी पद्धतीत ते गव्हाच्या मापानं माणशी साधारण पावणेदोन ते दोन किलो धरतात. कोकणातले मुसलमान बहुतांश शाफई. तिथे तांदळाच्या मापानं ते अडीच किलोच्या आसपास जातं. त्या त्या गावच्या मशिदीतून दरवर्षी त्याची रक्कम जाहीर होते. म्हातारपणामुळे किंवा कायमच्या आजारामुळे ज्याला रोजा झेपत नाही, त्यानं प्रत्येक रोजामागे एका गरजूला जेवू घालायचं असतं. म्हणजे एका माणसाचं जेवण ही क्षुल्लक गोष्ट नाही. उधळपट्टीला, ज्याला इसराफ म्हणतात, मनाई आहेच. पण सतत रोजे धरून अंग झिजवणाऱ्या एका अनुयायाला, तुझ्या शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे, अशी समज पैगंबरांनी दिली होती, हेही हदीसमध्ये आलेलं आहे. सहेरीचं तर एवढं महत्त्व आहे की घोटभर पाण्यावर केली तरी चालते, पण चुकवू नये असं सांगितलं जातं. ज्याला उठवायला घरात कुणी नाही, त्याची सहेरी सगळ्यात आधी चुकते.

मग सुरुवात पहाटेपासूनच करू.

आमच्या भागात सहेरीचा जुना आधार ज्वारी आहे. एका भाकरीला साधारण ६० ते ७० ग्रॅम पीठ लागतं. रोज दोन भाकरी धरल्या तर महिन्याला चार किलो ज्वारी पुरते. मात्र ती एकदम दळून आणू नये. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते आणि चवीला कडवट लागते. एकट्याचं पीठ लवकर संपत नाही, म्हणून ही अडचण त्यालाच जास्त. गिरणीवाला किलोभर दळायला कुरकुरतो, तेव्हा शेजारच्या घरच्या दळणाबरोबर आपलं देऊन टाकावं. पहाटे साडेचारला भाकरी थापण्याचं बळ नसेल तर सोलापुरात कडक भाकरी मिळतेच. पातळ थापून, पाणी पार निघून जाईपर्यंत भाजलेली ही भाकरी कोरड्या डब्यात महिनाभर टिकते आणि नगावर मिळते. दोन हव्या तर दोन घ्या. मला विचाराल तर एकट्या माणसासाठी याहून सोयीचं अन्न या जिल्ह्यानं दुसरं काढलेलं नाही. ती वाटीत चुरायची, वर गरम वरण किंवा दूध ओतायचं आणि पाच मिनिटं झाकून ठेवायची. दह्यात भिजवली तरी उत्तम. शेंगाचटणी मात्र सहेरीला टाळावी. तिखट-मिठानं दुपारी घसा कोरडा पडतो. ती रात्रीच्या जेवणाला ठेवावी.

दुसरा पर्याय खिचडी आणि खट्टा. दख्खनी मुसलमानांच्या घरात सहेरीला ही जोडी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. सोबत कीमा असला तर सोनं, नसला तरी अडत नाही. एका माणसाला अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी मसूर डाळ पुरते. तरावीहची नमाज झाल्यावर झोपण्याआधी दोन्ही धुऊन, कांदा चिरून, हळद-मीठ काढून ठेवावं. पहाटे फक्त फोडणी देऊन पावणेदोन वाट्या पाणी घालायचं आणि कुकर लावायचा. शिट्ट्या होईपर्यंत तोंड धुऊन होतं. खट्ट्याला तर गॅसही लागत नाही. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात कोळायची, त्यात भाजलेल्या तिळाचं आणि शेंगदाण्याचं दोन-दोन चमचे कूट, बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, जिरेपूड आणि मीठ घालायचं. पाणी घालून कढीइतकं पातळ करायचं. तीळ-दाण्याचं कूट आठवड्याचं एकदम करून ठेवलं तर रोजचं काम दोन मिनिटांचं उरतं.

ज्यांच्या खोलीत गॅस नाही, किंवा घरमालकिणीला पहाटे भांड्यांचा आवाज चालत नाही, त्यांच्यासाठी थर्मास. चांगल्या जातीचा, रुंद तोंडाचा घ्यावा. आधी त्यात उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवायचं आणि ओतून टाकायचं. मग अर्धी वाटी गव्हाचा दलिया अडीच वाट्या पाण्यात पाच मिनिटं खळखळून उकळायचा, उकळताच थर्मासमध्ये भरायचा आणि झाकण घट्ट लावायचं. पहाटेपर्यंत तो आपला आपण शिजतो. त्यात केळं कुस्करा, गूळ घाला, दूध असेल तर दूध. दूध रात्रीच थर्मासमध्ये घालू नये, नासतं. पुण्यात खोली करून राहिलेल्या किती तरी मुलांचा रमजान असा निघतो. ज्यांच्या मेसची चूल सकाळी आठला पेटते, त्या मेसचा सहेरीला उपयोग काय?

इफ्तारचं गणित वेगळं आहे. तिथे कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याचा धोका मोठा. भूक लागलेल्या माणसानं बाजारात जाऊ नये म्हणतात ते खरंच. असरच्या नमाजनंतर पिशवी घेऊन निघालेला रोजेदार दिसेल ते घेतो, आणि रोजा सोडल्यावर तीन खजूर नि दोन ग्लास पाण्यातच पोट भरत येतं. म्हणून खरेदी सकाळीच उरकावी, तीही मोजून. रोज तीन खजूर म्हणजे महिन्याचे नव्वद. मध्यम आकाराचा खजूर आठ-दहा ग्रॅमचा धरला तरी पाऊण ते एक किलोत तीस दिवस निघतात. अर्ध्या किलोचा डबा महिन्यातून दोनदा घ्यायचा. डब्यावर जितकी सोनेरी नक्षी तितका भाव, हेही ध्यानात असू द्यावं. सुटा खजूर त्याहून वाईट असतो असं नाही.

फळांचं म्हणाल तर रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, त्यामुळे फळंही बदलत जातात. यंदा रोजे द्राक्षांच्या दिवसांत आहेत, ही एकट्या माणसाची चंगळच. द्राक्षं मूठभर घेता येतात, कापावी लागत नाहीत, उरली तर काळी पडत नाहीत. पपई आणि कलिंगड शेजाऱ्याशी अर्धं-अर्धं ठरवूनच घ्यावं.

काळे हरभरे किंवा काबुली चणे हा इफ्तारचा सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा पदार्थ. दोन मुठी रात्री भिजत घातले की दोन दिवसांची सोय होते. शिजवून अर्धे काढून ठेवायचे ते कांदा, मीठ, लिंबू न घालताच. कांदा घातलेले दुसऱ्या दिवशी वास मारतात. भजी-वडे अजिबात नकोत असं मी म्हणणार नाही. महिनाभर भज्यांशिवाय इफ्तार कुणाच्यानं होईल? पण एकट्यासाठी कढईभर तेल तापवणं हा शुद्ध तोटा. फोडणीच्या छोट्या लोखंडी कढल्यात पाव वाटी तेलात एका वेळी तीन भजी सुटतात. दोन घाण्यांत काम होतं. उरलेलं तेल गाळून दुसऱ्या दिवशीच्या फोडणीला संपवावं, पुन्हा पुन्हा तळायला वापरू नये. आमचा जिल्हा कर्नाटकाला लागून, त्यामुळे बहुतेक घरांत आप्पेपात्र असतं. भिजवलेली मुगाची डाळ वाटून, मिरची-आलं घालून त्यात लावली की चमचाभर तेलात सात वडे होतात. तळल्यासारखे कुरकुरीत होत नाहीत, पण पोटाला छातीवर बसत नाहीत.

तामिळनाडूत रोजा सोडायला मशिदींमधून नोंबू कंजी देतात. तांदूळ आणि डाळीची मऊ, पातळ पेज. रिकाम्या पोटाला याहून शांत दुसरं काही नाही, आणि ती घरी एकट्यापुरती करायला सोपी. मूठभर तांदूळ जाडसर भरडायचे, दोन चमचे मूगडाळ, पाव चमचा मेथीदाणे, आलं-लसूण, थोडा टोमॅटो आणि पुदिना. चार वाट्या पाणी घालून तीन-चार शिट्ट्या द्यायच्या. वर दोन चमचे नारळाचं दूध घातलं तर ऐट येते. हे प्यायल्यावर मगरिबच्या नमाजला उभं राहताना जड वाटत नाही.

मांसाहाराची काटकसर मापात नाही, ती बेतात असते. खाटीक पाव किलो कीमा देतो. तो एका बैठकीत संपवला तर महाग आणि चार दिवसांवर पसरला तर स्वस्त. पाव किलो कीम्यात अर्धी वाटी हरभरा डाळ, आलं-लसूण, चार मिरे, दालचिनीचा तुकडा, दोन लाल मिरच्या घालून पाणी पार आटेपर्यंत शिजवावं. गार झाल्यावर वाटून टिक्क्या कराव्यात. डाळीमुळे दहा-बारा शामी कबाब होतात. बर्फाच्या कप्प्यात एकमेकांना चिकटणार नाहीत असे ठेवले की सहेरीला एक, रात्री एक, असे काढून तव्यावर शेकता येतात. बिर्याणीचा सोस एकट्यानं घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाव किलोची बिर्याणी कधी दमाला नीट येत नाही. ती लग्नात खावी.

आता भट्टीचं सांगते. ईदच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडच्या बेकऱ्यांसमोर बायका-पोरांची रांग लागते. हातात पत्र्याचे रिकामे डबे आणि पिशवीत मैदा, साखर, तूप. भट्टीवाला मजुरी घेऊन नानकटाई भाजून देतो. दिवाळीच्या आधी हीच रांग हिंदू घरांतल्या बायकांची असते. भट्टी तीच, पत्रे तेच आणि बहुतेक वेळा कारागीरही तेच. पण एका-दोन किलोच्या खाली भट्टीवाला हात लावत नाही, आणि एकट्या बाईनं दोन किलो नानकटाईचं करायचं काय? आमच्या ओळखीच्या तिघी एकट्या राहणाऱ्या बायकांनी यावर तोड काढली आहे. मैदा एकीचा, साखर दुसरीची, तूप तिसरीचं. मजुरी आणि डबा तिघींत वाटून घेतात. तुपाचा खर्च जास्त, म्हणून तो मान दरवर्षी फिरता. त्या तिघींतली एक ब्राह्मण आहे, निवृत्त मुख्याध्यापिका. तिचा वाटा ती ईदला नाही, त्याच आठवड्यात चहाबरोबर संपवते म्हणे.

घरच्या घरीही जमतं. एक वाटी मैदा, दोन चमचे बेसन, दोन चमचे बारीक रवा, चिमूटभर खायचा सोडा आणि वेलची. अर्धी वाटी घट्ट तूप आणि अर्ध्या वाटीहून थोडी जास्त पिठीसाखर हातानं पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसायची. खरी मेहनत इथेच आहे. मग पीठ हलक्या हातानं मिसळायचं, मळायचं नाही. दहा-बारा गोळे होतात. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात बोटभर जाडसर मीठ पसरून त्यावर कडं ठेवायचं. झाकून दहा मिनिटं तापवायचं. ताटलीत अंतरावर गोळे मांडून ती आत ठेवायची आणि मंद आचेवर अठरा-वीस मिनिटं भाजायचं. गरम असताना मऊच लागतात. कच्च्या राहिल्या समजून पुन्हा आत ठेवू नये, बाहेर गार झाल्या की खुसखुशीत होतात. ते मीठ टाकू नका, बरणीत भरून ठेवा, पुढच्या भाजणीला तेच कामाला येतं. शिळा पावही याच पातेल्यात कापून वाळवला की टोस्ट होतात. एकट्याच्या घरात पावाची लादी कधीच ताजी संपत नाही, तेव्हा हे शिकून घेतलेलं बरं.

सगळं असं मोजून-मापून केलं तरी रमजानमध्ये एक गोष्ट आपल्या हातात नसते, ती म्हणजे शेजार. एकटं माणूस रोजा धरतं हे कळलं की चारी घरांतून ताटल्या येतात. एकीकडून भजी, दुसरीकडून दालचा, तिसरीकडून साबुदाणा वडे. हे प्रेम असतं, आणि त्याला नाही म्हणणं कठीण असतं. पण आठ दिवसांत फ्रिजमध्ये वाट्यांचं दुकान लागतं आणि निम्मं अन्न वाया जातं. यावर दोन उपाय. पाठवणाऱ्यांनी दिवस वाटून घ्यावेत. आपल्या इमारतीत, गल्लीत एकटं कुणी रोजेदार असेल तर चार घरांनी एकाच दिवशी चार ताटल्या नेऊन देण्यापेक्षा एकेक दिवस पकडावा. आणि शक्य असेल तेव्हा ताटली पाठवण्याऐवजी त्या माणसालाच बोलवावं. मगरिबची अजान झाली की एकट्या घरात जो शांतपणा उतरतो, त्यावर दालचाचा इलाज नाही.

घेणाऱ्यानंही वाटी रिकामी परत करू नये, ही रीत आपल्याकडे सगळ्याच घरांत आहे. त्यात मोठं काही लागत नाही. दोन नानकटाया, मूठभर द्राक्षं, वाटीभर खट्टा. रस्सा करताना पाणी थोडं वाढवावं आणि शेजाऱ्याची आठवण ठेवावी, अशी पैगंबरांची शिकवण आहे. पाणी वाढवायला एकट्या माणसालाही काही खर्च येत नाही.

ईदच्या दिवशी मात्र एका ताटाचं माप मोडावं लागतं. एकट्याच्याही दारात माणसं येतातच. किती येतील हे कुणालाच माहीत नसतं आणि शिरखुर्मा करून ठेवला तर दुपारपर्यंत त्याचा लगदा होतो. म्हणून तो एकत्र करूच नये. लिटरभर दूध साखर, वेलची, खारीक आणि सुकामेवा घालून तीन-चतुर्थांश होईपर्यंत आटवून ठेवावं. शेवया, पाव किलोचा पुडा आणला असेल तर त्यातल्या निम्म्या, तुपात बदामी भाजून वेगळ्या डब्यात ठेवाव्यात. पाहुणा आला की त्याच्यापुरतं दूध गरम करायचं, मूठभर शेवया घालून तीन-चार मिनिटं उकळी द्यायची आणि वाटीत वाढायचं. कुणी आलं नाही तर दूध रात्री तसंच पिता येतं. भाजलेल्या शेवया डब्यात पंधरा दिवस सहज राहतात. त्यांचा कांदा-मिरची घालून केलेला उपमा फार चांगला होतो.